आईंनी हात धरला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला, मंदारला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही – आणि तिच्यापासून मी एरवी काहीच लपवत नाही. एकदा विमानात शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंना सांगायला तोंड उघडलं होतं. पुन्हा कधी भेटणार नव्हत्या त्या, म्हणून. पण मी घसा साफ करेपर्यंत त्यांचा डोळा लागला, आणि मला इतकं हायसं वाटलं की – जाऊ दे. त्यावरूनच काय ते समजा.

म्हणजे ती गोष्ट कुणाला माहीत नाही असं नाही. सगळ्यांना माहीत आहे. नागपूरला सासरी, पुण्याला माहेरी, इथे अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या मित्रमंडळींत – सगळीकडे ती सांगून झालीय. मंदारची आई अमेरिकेला गेली होती, गाडीत पुढे बसली होती, समोरून गाडी आली तशी घाबरली आणि तिनं सुनेचा हातच धरला. सुनेनं कशीबशी गाडी सांभाळली म्हणून सगळे वाचले. अशी. सांगणारा शेवटी जरा हसतो, ऐकणारा ‘बाप रे’ म्हणतो, आणि चहा येतो. आईंसमोरही सांगायचे लोक. आई स्वतःही सांगायच्या – खरं तर सगळ्यांत जास्त त्याच सांगायच्या.

मीही आता तीच सांगणार आहे. फक्त –

नाही, असं नको. आधी आईंबद्दल सांगते. त्या कोण होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज असा, की घरात ‘हॅलो’ म्हटलं तरी शेजारच्यांनी वळून बघावं. सासरे फार लवकर गेले. मंदार आणि त्याची धाकटी बहीण तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून या बाईनं सगळा संसार दोन चाकांवर ओढला. आधी लूना, मग स्कूटी. मुलांची शाळा, रेशन, बँक, दवाखाना, स्वतःची ड्युटी – सगळं स्वतः गाडी चालवत. मे महिन्याच्या उन्हात तोंडाला ओला रुमाल बांधून निघायच्या. साठी उलटली तरी स्कूटी सुटली नव्हती. “रिक्षावाल्याच्या हातात आपला जीव काहून द्यायचा? आपला आपल्या हातात बरा,” असं म्हणायच्या आणि किल्ली फिरवायच्या.

२००५ च्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे बॉथेलला आल्या. मंदार एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, मी डिपेंडंट व्हिसावर घरी, आणि इरा चार वर्षांची. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडीतली पुढची सीट आईंची झाली. त्यात कुणी काही बोलायचंच नाही. सीटबेल्ट लावून, पर्स पायाशी ठेवून, ताठ बसायच्या आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायच्या. “मर्ज. यील्ड. डिअर क्रॉसिंग – अगं बाई, हरणांनाही पाटी!” मंदार वैतागायचा. मला मजा यायची.

मला लायसन्स नुकतंच मिळालं होतं. दोनदा नापास होऊन. आणि हा आमच्या घरातला जुना विनोद होता. कुठे चार मित्र जमले की मंदार सुरू करायचा – स्वातीच्या गाडीला सायकलवाले ओव्हरटेक करतात, स्वाती दूध आणायला गेली की येईपर्यंत त्याचं दही होतं. सगळे हसायचे. मीही हसायचे. तुम्हीही कधी असं हसला असाल – सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. पण हे मी कारण म्हणून सांगत नाहीये, ते आधीच सांगून ठेवते. माझ्यासारख्या टिंगल झालेल्या बायका लाखो असतील. त्यांनी माझ्यासारखं केलं नाही.

आई मात्र पहिल्यांदा माझ्या शेजारी बसल्या तेव्हा घरी आल्यावर मंदारला म्हणाल्या, “किती निवांत चालवते ही पोरगी. तू तं जसं मागे कुत्रं लागलं.”

माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक करणारं आयुष्यातलं पहिलं माणूस म्हणजे त्या. हेही लक्षात ठेवा.

जुलैत आम्ही चौघं धरण बघायला निघालो. आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, घाट ओलांडून पलीकडे, कोलंबिया नदीवर ते अवाढव्य धरण आहे. आईंना धरणांची फार हौस. हायवे टूनं घाट चढला की हिरवंगार जंगल लागतं, पलीकडे उतरलं की हवा एकदम कोरडी, गरम, नागपूरसारखी. आईंनी काच खाली करून हात बाहेर काढला होता. “आता कसं आपल्यासारखं वाटून राहिलं,” म्हणाल्या. वेनॅची गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला चेरीचे स्टॉल होते. आईंनी उतरून, चव घेऊन, एक मोठी कागदी पिशवी भरून चेऱ्या घेतल्या. विकणाऱ्या बाईशी त्यांनी काय आणि कोणत्या भाषेत गप्पा मारल्या कोण जाणे, पण ती बाई हसत हसत आणखी मूठभर टाकून मोकळी झाली.

घाटातून मंदारनं गाडी चालवली होती. वेनॅचीच्या पेट्रोल पंपावर त्यानं किल्ली माझ्याकडे दिली. रात्री उशिरापर्यंत त्याचे ऑफिसचे कॉल होते, डोळे लाल झाले होते. मागे इराच्या शेजारी बसता बसता म्हणाला, “इथून पुढे सरळ रस्ता आहे. फक्त कुणाच्या मागे मागे जाऊ नकोस यार, नाहीतर पोचेपर्यंत धरण आटेल.” आणि झोपला. इरा आधीच झोपली होती.

वेनॅचीहून रस्ता वर चढतो आणि एका पठारावर येतो. तिथून पुढे नुसता गहू. पिकलेला, कापणीला आलेला गहू – दोन्ही बाजूंना, आभाळ टेकेपर्यंत. मधून एकच रस्ता. जायला एक लेन, यायला एक लेन, मध्ये पिवळी रेघ. झाड नाही, घर नाही. रस्ता रुळासारखा सरळ दिसतो, पण सपाट नाहीये तो. जमीन लाटांसारखी खालीवर होते, त्याबरोबर रस्ताही. समोर मैलभर मोकळं आहे असं वाटतं, आणि मधल्या खोलगटात अख्खी गाडी लपलेली असते. मला हे माहीत होतं. तीन-चार वेळा असं झालं होतं – काहीच नाही, काहीच नाही, आणि एकदम जमिनीतून उगवल्यासारखी समोर गाडी. आईंनी बोलूनही दाखवलं होतं, “कशा लपंडाव खेळतात बघ.” म्हणजे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

थोड्या वेळानं पुढे एक ट्रक लागला. गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला, डुलत डुलत चाललेला. त्यातून काड्या उडून काचेवर येत होत्या. मी मागे राहिले. मला घाई नव्हती – खरंच नव्हती. आई मांडीवरच्या पिशवीतून एकेक चेरी काढून, बी बोटांनी वेगळी करून, अधूनमधून मला भरवत होत्या. “राहू दे ना गं, जाईल तो आपल्या वाटेनं,” म्हणाल्या. आम्ही दोघी मजेत होतो. हे मला फार स्पष्ट आठवतं. त्या दिवशी त्या रस्त्यावर मी मजेत होते.

मग मंदारला अर्धवट जाग आली. आरशात मला त्याचा एक डोळा दिसला. “अजून ट्रकच्याच मागे?” एवढंच बोलला. चिडून नाही. हसून. आणि पुन्हा डोळा मिटला.

बस्स. एवढंच झालं.

मी गाडी डावीकडे काढली, पुढचं पाहिलं, परत आत घेतली. चढ होता. दुसऱ्यांदा काढली – पिवळी रेघ सलग होती, आमच्या बाजूनं ओव्हरटेक करायचा नाही असा त्याचा अर्थ, तोही मला माहीत होता. त्याच प्रश्नावर तर मी एकदा नापास झाले होते. परत आत घेतली. आई म्हणाल्या, “स्वाती, नको.” साध्या आवाजात. तिसऱ्यांदा मी गाडी काढली आणि अॅक्सिलरेटर दाबत गेले.

ट्रक लांब होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लांब. आम्ही त्याच्या मध्यावर असू, उजवीकडे नुसती गवताची भिंत, आणि समोर, खोलगटातून, आधी एक टप आला, मग काच, मग पूर्ण पिकअप. लाल रंगाची. इतक्या जवळ की आतल्या माणसाची टोपी दिसली.

तेव्हा मी काय केलं? काहीही नाही. ब्रेक मारून ट्रकच्या मागे येता आलं असतं – कदाचित. आणखी जोरात जाता आलं असतं – कदाचित. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. गाडी सरळ चालली होती, त्याच्या दिशेनं. आई ओरडल्या, “स्वाती!” आणि –

इथे गोष्ट फाटते. इथून पुढे एक सगळ्यांची आहे आणि एक माझी.

आईंनी माझा हात धरला नाही. त्यांचे दोन्ही हात चेरीच्या पिशवीवर होते. मला ते दिसत होते. त्यांनी डोळे मिटले आणि ती पिशवी पोटाशी घेतली, लहान मूल घ्यावं तशी. मला त्यांचा धक्काही लागला नाही. स्टिअरिंगवर माझेच दोन हात होते, आणि ते माझ्याच्यानं हलवले गेले नाहीत.

आम्हाला वाचवलं ते समोरच्या माणसानं. त्यानं पिकअप रस्त्याबाहेर घातली. खडीवरून घसरत ती खड्ड्यात गेली, आणि मला आरशात फक्त धूळ दिसली – गव्हावर उठलेला धुळीचा मोठा ढग. मी मग ब्रेक मारला. आता काय उपयोग होता? गाडी गोल फिरून उलट्या तोंडानं कडेला थांबली. पिशवी फाटली. चेऱ्या डॅशबोर्डवर, काचेवर, आईंच्या पायांत. आमच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. इरा रडत होती, “माय शू! माय शू फेल!” तिला बूट हवा होता. मंदार “काय झालं, काय झालं” करत दार उघडून पळाला.

पिकअप कुशीवर पडली होती. ट्रकवाल्यानं आणि मंदारनं मिळून त्या माणसाला बाहेर काढलं. म्हातारा होता, सत्तरीचा तरी. कपाळातून रक्त, आणि डावा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता. शुद्धीवर होता. गव्हात बसला आणि सारखी आपली टोपी शोधत होता. मी गाडीतच बसून होते. आई उतरल्या, पाण्याची बाटली घेऊन तिकडे गेल्या, आपली ओढणी त्याच्या कपाळाला बांधली. मी काचेतून हे सगळं बघत होते.

पोलीस आला, अॅम्ब्युलन्स आली. तरुण पोलीस होता, आवाज चढवून बोलत नव्हता. म्हाताऱ्याला ओळखत होता. त्याला ‘रॉय’ म्हणत होता. ट्रकवाल्यानं सांगितलं की बाईंनी सलग रेघेवर ओव्हरटेक केला. मग पोलीस माझ्याकडे वळला. मंदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. पोलिसानं विचारलं, मॅडम, काय झालं ते तुम्ही सांगा.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी मंदारकडे पाहिलं. मंदारच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे ते दिसत होतं जे मला कधीच बघायचं नव्हतं – हिला किल्ली द्यायलाच नको होती.

आणि मी म्हणाले, मी फक्त पुढे बघायला गाडी बाहेर काढली होती. परत आत घेतच होते. पण माझ्या सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी माझा हात धरला. मला स्टिअरिंग वळवताच आलं नाही.

इंग्रजीत बोलले. भराभर. कुठून आलं ते वाक्य? मी आजही शोधते. विचार करून बोलले नाही, पण अडखळलेही नाही. असं सलग आलं, जसं तोंडात तयारच होतं.

पोलिसानं आईंना विचारलं, “मॅम, डिड यू ग्रॅब हर आर्म?” आईंचं इंग्रजी वाईट नव्हतं, पण इथले उच्चार त्यांना चटकन कळत नसत. मंदारनं विचारलं, “आई, तू हिचा हात धरलास?”

आईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. चेरीच्या रसानं आणि त्या माणसाच्या रक्तानं लाल झाले होते. “मला काहीच आठवत नाही रे,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटले होते मी.” मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून इराचा बूट घालत होते – नाड्या नव्हत्याच त्या बुटाला, तरी मला वेळ लागत होता. “ती म्हणते तर धरला असेन,” आई म्हणाल्या. “ती काहून खोटं बोलेल?”

स्ट्रेचरवर झोपलेल्या रॉयनं हे ऐकलं असावं, किंवा पोलिसानं त्याला सांगितलं असेल. आई त्याच्यापाशी जाऊन हात जोडून “सॉरी, सॉरी” म्हणत होत्या. त्यानं चांगला हात उचलून त्यांच्या मनगटावर थोपटलं. “इट्स ऑलराइट, मॅम. यू वॉज स्केअर्ड.”

तिकीट, म्हणजे दंडाची पावती, मला मिळालंच. सलग रेघ ओलांडली होती, हात कुणी धरला असो की नसो. म्हणजे पोलिसापासून मला त्या खोट्यानं काहीच वाचवलं नाही. पुढे कधीतरी मी मनात एक कारण तयार केलं होतं, की तेव्हा आमचं ग्रीन कार्डचं काम चालू होतं, मोठा गुन्हा नोंदवला गेला असता तर, वगैरे. ते कारण मला नंतर सुचलं. त्या क्षणी ग्रीन कार्ड माझ्या डोक्यात नव्हतं. मंदारचा चेहरा होता. तेवढ्यासाठी मी बोलले.

धरण राहिलं. परत फिरलो. मंदार गाडी चालवायला बसला, आणि आई आपणहून मागे जाऊन बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पुढची सीट रिकामी बघून मी तिथे बसले. घाट चढल्यावर मंदार फुटला. “आई, तू हात कशाला धरायचास? चौघं गेलो असतो. इरा होती गाडीत!” मी समोर बघत होते. प्रत्येक गाव आलं की मला वाटायचं, आता सांगू. पुढच्या सिग्नलला सांगू. घाट उतरल्यावर सांगू. बॉथेलच्या एक्झिटपर्यंत मला कितीतरी वेळ होता. मागून आईंनी एकही पाटी वाचली नाही.

आणि मग? मग काय होणार. दिवस गेले, आणि खोटं घरात रुळलं. इन्शुरन्सवाल्यांचा फोन आला, बोलणं रेकॉर्ड होतंय असं सांगितलं, आणि मी चहाचा कप हातात धरून तेच सगळं पुन्हा बोलले. तेव्हा तर मी घाबरलेली नव्हते. त्यांच्याकडूनच कळलं की रॉयच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्या वर्षीची कापणी त्याला करता आली नाही. मी त्याला कधी फोन केला नाही. एक कार्ड पाठवलं – आईंच्या नावानं. आईंनीच सांगितलं होतं पाठवायला.

मित्रमंडळींत मंदार सांगायचा, स्वाती होती म्हणून वाचलो, माझ्या हातात गाडी असती तर मी उडवलीच असती. माझ्या ड्रायव्हिंगचे विनोद बंद झाले. कायमचे. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं, असंच म्हणायला हवं ना? आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मान हलवायच्या. “माझ्यामुळेच झालं बाप्पा. देवानंच वाचवलं.” त्यांचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. ऑक्टोबरमध्येच जाते म्हणाल्या. मंदारनं फार आग्रह केला नाही. मीही नाही.

नागपूरला गेल्यावर त्यांनी स्कूटी काढून टाकली. हे आम्हाला नणंदेकडून कळलं. कामवाल्या बाईच्या मुलीला देऊन टाकली म्हणे. मंदार म्हणाला, बरं झालं, वय झालं आता. मी फोनवर विचारलं तर आई म्हणाल्या, “आपल्या हाताचा भरवसा नाही राहिला गं. ऐन वेळेवर काय करून बसेल, सांगता येत नाही. कोणाचं लेकरू मधात आलं तर?”

ज्या हातांनी काहीही केलं नव्हतं, त्या हातांबद्दल त्या हे बोलत होत्या. आणि मी “हो ना” म्हणाले.

त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं कमी कमी होत गेलं. जुन्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींची भिशी सुटली, कारण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. बहिणीकडे जाणं सणावारी. रिक्षात बसल्या की दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मांडीवर ठेवायच्या आणि उतरेपर्यंत सोडायच्या नाहीत. मी हे स्वतः पाहिलंय, शेजारी बसून. आवाजही खाली आला. का, ते कुणाला कळलं नाही. म्हातारपण, म्हणाले सगळे.

तुम्हाला वाटत असेल, कबुली संपली. त्या रस्त्यावरचं खोटं, ते आलं सांगून. मलाही बरेच दिवस वाटायचं की माझा गुन्हा तेवढाच आहे. भीतीच्या भरात एक वाक्य निघून गेलं आणि परत घेता आलं नाही. तेवढंच असतं तर कदाचित मी हे कुणाला तरी आधीच सांगितलं असतं. पण तेवढंच नाहीये.

२००८ च्या हिवाळ्यात आम्ही नागपूरला गेलो होतो. दुपारची वेळ. मंदार इराला घेऊन बहिणीकडे गेला होता. मी आणि आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गादीवाला ओरडत गेला. मी कशाबद्दल तरी बोलत होते, बहुतेक इराच्या शाळेबद्दल. आई मध्येच थांबल्या. शेंग हातात तशीच.

“स्वाती, एक विचारू? रागावू नको.”

मी म्हटलं, विचारा ना.

“मी खरंच धरला होता का गं तुझा हात?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. एवढं मी शपथेवर सांगेन. चष्मा कुठे ठेवला हे विचारावं तसं विचारलं त्यांनी. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं ही बाई आपल्या मनात तो क्षण उलटसुलट करून बघत होती आणि तिला तो दिसत नव्हता, आणि ज्या एका माणसाला दिसला होता, त्याला ती विचारत होती.

पोलीस नव्हता. मंदार नव्हता. तिकीट केव्हाच मिटलं होतं, ग्रीन कार्ड आलं होतं. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? माझ्यासमोर फक्त आई होत्या. त्या मला काही बोलल्या नसत्या. कदाचित मंदारलाही सांगितलं नसतं. हे सगळं मला तेव्हा, त्या गच्चीवर, कळत होतं. घाई नव्हती. विचार करायला हवा तेवढा वेळ होता, आणि मी तो घेतला.

“हो आई,” मी म्हणाले. “धरला होता.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग ती शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

त्यानंतर दीड वर्षानं आई गेल्या. झोपेतच. मंदारला तोवर काही कळलं नव्हतं, आजही नाही. इरा मोठी झालीय, गाडी चालवते, आणि ती चालवताना मी पुढे बसले की कधीकधी हसून म्हणते, “डोन्ट डू अॅन आजी ऑन मी, आई.” मी तिलाही काही सांगितलेलं नाही.

पण त्या दुपारचं आणखी थोडं राहिलंय. आईंनी मान हलवली, दाणे टाकले, आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

“बरं झालं विचारलं,” त्या म्हणाल्या. “मला मधेमधे वाटायचं, नसेल धरला. वाटायचं, पोरगी घाबरून बोलली असेल. किती वेळा मनात आलं माझ्या. तुझ्यावर उगाच शंका घेतली गं मी. एवढी माझी सेवा करते तू, आणि मी असं मनात आणलं. मला माफ कर.”

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला.

“असू द्या हो आई,” मी म्हणाले. “केलं माफ.”